सूतभर फुगा

कांताबाईंच्या डोक्यात फुगा निघाला ही बातमी कोहक्यातल्या घरातून निघून डोंगरगडमार्गे दुर्गच्या मोहन नगरात पोहोचली, तोवर त्या फुग्याचा नारळ झाला होता.

याला जबाबदार कोण, यावर कापगत्यांच्या घरात पुढे पुष्कळ वाद झाले. खरं तर पहिला गुन्हेगार कूलर. रिटायर झाल्यावर त्यांच्या नवऱ्याने, भाऊरावांनी, तो स्वतःच्या हातांनी जोडला होता, आणि जन्मभर स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये फिटर राहिलेल्या माणसाला पातळ पत्रा चालत नाही. त्या कूलरची दारं एखाद्या तिजोरीला शोभली असती. मेच्या उन्हात कांताबाई त्यात पाणी भरायला वाकल्या, सरळ झाल्या, आणि वरच्या झाकणाने त्यांच्या टाळूवर असा दणका दिला की त्या तिथेच फतकल मारून बसल्या. दोनदा उलटी झाली. राजकुमारने, त्यांच्या मुलाने, आईबापाला गाडीत घातलं आणि थेट रायपूरचं मोठं हॉस्पिटल गाठलं. मशीनमध्ये झोपवून डोक्याचे फोटो काढले. झाकणाने काही बिघडवलं नव्हतं. पण मेंदूच्या बुडाशी एका रक्तवाहिनीला फुगवटा आलेला होता, आणि तो झाकणाच्या कितीतरी आधीपासून तिथे गुपचूप बसून होता.

"छोटा सा गुब्बारा है, अम्मा," तरुण डॉक्टर म्हणाला. "तीन मिलीमीटर."

गुब्बारा हा शब्द कानावर पडला आणि त्यानंतर तिघांपैकी कोणालाच धड काही ऐकू आलं नाही. डॉक्टर बराच वेळ बोलत होता. डोकं उघडून क्लिप लावता येते, म्हणाला. मांडीतून तार घालून कॉइल बसवता येते, म्हणाला. आणखीही काहीतरी म्हणाला. शेवटी म्हणाला, "घर जाकर आराम से सोच लीजिए." कापगत्यांना घरी जाऊन विचार करायला सांगणं ही त्या भल्या माणसाची चूक. गेटला हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, यावर ज्या घरात दोन दिवाळ्या उलटल्या आणि गेट अजून गंजतंच आहे, त्या घराच्या हाती त्याने मेंदू सोपवला.

घरी पोचताच भाऊरावांनी व्हरांड्यातूनच मेहुण्याला फोन लावला. श्यामराव हे कांताबाईंचे थोरले भाऊ, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड, मुक्काम डोंगरगड. आता भाऊराव मिलीमीटर वाचत, पण बोलत मात्र सुतात. शॉपमध्ये सगळेच तसं बोलायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे जवळपास तीन मिलीमीटरच. म्हणून ते फोनवर ओरडले, "घाबराचं काम नाही जी, सूतभर हाय! सूतभर!" तिकडे श्यामराव जुन्या सवयीने स्टेशनच्या बाकावर बसलेले, आणि समोरून कोळशाची मालगाडी धडधडत चाललेली. त्यांनी ऐकलं, मूठभर.

श्यामरावांनी रडण्याच्या भरात जुनं भांडण विसरून भाऊरावांच्या बहिणीला, शैलाला, मोहन नगरात फोन केला. शैलाने विचार केला, मूठ कोणाची? श्यामरावांची. श्यामरावांची मूठ तिने पाहिलेली होती. म्हणजे नारळ.

मंगळवारी राजकुमारचा वीकली ऑफ असतो, म्हणून बैठक मंगळवारी ठरली. आणि बैठक कांताबाईंच्या डोक्याबद्दल असली तरी येणाऱ्यांना जेवायला तर लागणारच, त्यामुळे कांताबाई सकाळपासून बेसनाच्या पातोडीच्या रश्शाला लागल्या होत्या. सून नूतन दोनदा म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना, मी करते." त्या बसल्या नाहीत. बसलं की ते आठवायचं. मिक्सर चालू असला की नाही आठवायचं.

रात्री दिवा मालवला की त्यांचा हात आपोआप टाळूवर जायचा. फुगा वर नाही, आत खोल आहे, हे त्यांना कळत होतं, तरी हात वरच जायचा. नातवंडाला थोपटावं तसं त्या थोपटायच्या आणि मनात म्हणायच्या, निज बाबा, निज. त्यांना भीती वाटत होती. फुटण्याची वाटत होती आणि उघडण्याचीही वाटत होती. डोकं उघडलं आणि बंद करताना आतलं काही बाहेरच राहून गेलं तर? माणसं ओळखू आली नाहीत तर? मग त्या एकेकाला आठवून बघायच्या. राजू आठवायचा. नूतन आठवायची. शैला विसरली गेली तर फारसं काही बिघडणार नाही, असंही एकदा त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी अंधारात जीभ चावली.

या सगळ्यात त्यांना आधार एकच. स्वयंपाकघरात धन्याच्या डब्यामागे लपवलेली गुडाखूची डबी. लग्न होऊन प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा शेजारच्या छत्तीसगढी बाईने ही सवय लावली. पहाटे मागच्या अंगणात, नळापाशी उकिडवं बसून बोटभर गुडाखू हिरड्यांना घासायचं, की डोकं कसं लख्ख व्हायचं. त्यांच्या हिशेबी भाऊरावांना याचा पत्ता नव्हता. मुलाला नव्हता, सुनेला नव्हता. शिवाय डबी मोठ्या बरकतीची. एकदा सुपेल्याच्या बाजारातून आणली की संपता संपायची नाही. माणसाच्या सुखात देवाचा हात असतो, तो असा, असं त्या समजून चालल्या होत्या.

शैला आधी आली. ऑटोतून उतरली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि "वहिनी वं!" म्हणून कांताबाईंच्या गळ्यात पडली. मग तिने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं चाचपायला सुरुवात केली. पुढून, मागून, कानांच्या वर.

"कुठं हाय वहिनी? वरून तं काही दिसून नाही राहिलं."

"आत हाय शैलाबाई."

"एवढा मोठा आत कसा मावला?"

कांताबाईंना वाटलं, आपल्यापासून काही लपवून ठेवलंय. तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. श्यामराव आले होते. रिटायर झाले तरी गार्डाची शिट्टी त्यांच्या खिशात असे आणि कुठेही आले-गेले की ती वाजे. बहिणीला पाहताच त्यांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली आणि ते लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

"माही एकुलती एक बहीन! आणि तुमी इले पातोडी करायले लावून राहिले!"

"मीच करून राहिली भाऊ," कांताबाई म्हणाल्या. "कोणी लावलं नाही."

"बोलू नको तू. बोलल्यानं जोर पडते."

समोरच्या खोलीत बैठक बसली. कूलरच्या हवेत श्यामराव, कारण ते पाहुणे. त्यांच्यापासून शक्य तितक्या दूर शैला, कारण राजकुमारच्या लग्नात मानाच्या साडीवरून त्या दोघांचं जे बिनसलं ते अजून बिनसलेलंच होतं. खुर्चीवर भाऊराव, जमिनीवर राजकुमार मोबाइल घेऊन. कांताबाईंना कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. नूतन त्यांच्या शेजारी.

भाऊरावांनी घसा साफ केला. "हे पाहा. ब्रेकडाऊन होऊ द्याचा अन् मंग धावाचं, हे मेंटेनन्सवाल्याचं काम नोहे. लाइन फुटाच्या आधी शटडाऊन घ्याचा, काम उरकवाचं, लाइन चालू. ऑपरेशन कराचं. बस."

"बाबा यार, मम्मी कोई गॅस लाइन है क्या?" राजकुमारने मोबाइल आपटला. दोन रात्री तो डोक्याच्या ऑपरेशनचे व्हिडिओ पाहत होता आणि त्याचा चेहरा त्या व्हिडिओंसारखाच झाला होता. "मी पाहिलं ना, ड्रिल मारते ते लोक. ड्रिल! नहीं करवाना मेरे को."

"तुले नाहीच करवाचं, आईले करवाचं हाय."

"जवाई बरोबर बोलून राहिले," श्यामराव म्हणाले. "आजच्या आज ॲडमिट करा. लेट कावून कराचं?"

शैलाने पदर सावरला. "पन क्लिप का कॉइल, ते तं ठरवा आधी. क्लिपमंदी केस कापतीन वहिनीचे. पूरे. अन् कॉइल म्हणजे..." इथे तिने आवाज खाली आणला. "मच्छरवाली का?"

कोणीच हसलं नाही. कारण पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. कांताबाईंना मात्र हायसं वाटलं. डॉक्टर कॉइल म्हणाला तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर ती हिरवी गुंडाळी होती, मेंदूच्या एका कोपऱ्यात हळूहळू जळत असलेली, आणि इतके दिवस त्यांची विचारायची छाती झाली नव्हती.

"नाही आत्याबाई," नूतन म्हणाली. "बारीक तार असते. मांडीतल्या नसेतून आत घालतात, वर डोक्यापर्यंत नेतात, आणि फुग्यात गुंडाळून ठेवतात."

"मांडीतून डोक्यात?" शैला म्हणाली. "रस्ता उलटा नाही का हा?"

"सरळ मेन लाइन हाय का मधात गाडी बदलाव लागते?" श्यामरावांनी गंभीरपणे विचारलं.

"मधात हार्ट लागते," राजकुमार म्हणाला.

"काहीही करा," श्यामरावांनी डोळे पुसले. "पन मूठभर फुगा डोक्यात घेऊन मी माह्या बहिनीले एक दिवस राहू देनार नाही."

"मूठभर?" भाऊराव म्हणाले. "मूठभर कोन म्हनलं?"

"तुमीच म्हनले! फोनवर!"

"सूतभर म्हनलं मी! सूत! इंचाचा आठवा हिस्सा!"

"मंग ते नारळाएवढं नाही हाय?" शैलाने विचारलं. तिच्या आवाजात थोडी निराशाच होती.

"मामाजी, तीन मिलीमीटर आहे तो," नूतन श्यामरावांना म्हणाली. "धन्याच्या दाण्याएवढा."

"धने? थांबा, मी आनते, पाहू तरी," शैला उठली आणि स्वयंपाकघराकडे निघाली.

धन्याचा डबा! एका मिनिटापूर्वी जिला बोलायचीही बंदी होती ती बाई नणंदेला कोपराने बाजूला सारून स्वयंपाकघरात धावली. मागून श्यामराव ओरडत होते, "धावू नको! कांते, धावू नको, जोर पडते!" त्यांनी शिट्टीसुद्धा वाजवली. कांताबाईंनी डबा काढला, डबी आणखी मागे सारली, आणि चिमूटभर धने घेऊन त्या धापा टाकत परत आल्या.

एक दाणा श्यामरावांच्या तळहातावर ठेवला गेला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. तिथून तो दाणा भाऊरावांकडे गेला, त्यांच्याकडून राजकुमारकडे. शैलाच्या हाती येताच कूलरच्या वाऱ्याने उडाला. मग सगळं घर ओणवं होऊन कांताबाईंचा फुगा शोधू लागलं. कांताबाईंच्या हातात आणखी आठ-दहा दाणे होते, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो शेवटी श्यामरावांच्या चपलेखाली सापडला.

"धन्याएवढ्यासाठी," श्यामराव सरळ होत म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात अपमान होता, "मी डोंगरगडावरून रडत आलो? गाडीतला अख्खा डबा पाहून राहिला होता माह्याकडे. अन् धन्यासाठी तुमी माह्या बहिनीचं डोकं खोलता? काही नाही कराचं! कॅन्सल!"

"पहिल्यांदा बरोबर बोलले श्यामरावजी," शैला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्यांच्या नावाला जी लावायची ही पहिलीच वेळ. तिची खुर्ची आपोआप दोन हात त्यांच्याकडे सरकली.

"अरे लहान हाय म्हनूनच आता!" भाऊराव तापले. "लहान लीकेजलेच पकडाव लागते!"

राजकुमार खाली पाहत होता. "तसं छोटा है तो... आसान होगा ना?" तो हळूच म्हणाला. "बाबा सही बोलतात शायद."

अशा तऱ्हेने सकाळचे दोन्ही पक्ष संध्याकाळच्या आतच माणसं बदलून बसले, आणि ज्या बाईच्या डोक्यावरून हे चाललं होतं तिने रस्सा उतू जातोय का म्हणून एकदा आत डोकावून पाहिलं.

"तुमाले दाखवतोच," भाऊराव उठले आणि मागच्या शेडमधून सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. ट्यूबला एका जागी छान गोल फुगा आलेला होता. "हे पाहा. हेच हाय. मी पंप मारतो. किती टिकते ते पाहा आपल्या डोयानं."

"मारा," श्यामराव म्हणाले. "नाही फुटत. मी सांगतो, नाही फुटत."

सगळे अंगणात आले. भाऊरावांनी पंपावर पाय ठेवला. शैलाने कानांत बोटं घातली, मग राजकुमारने घातली, मग श्यामरावांनीही घातली, पैज त्यांचीच असून. भाऊराव पंप मारत होते आणि फुगा वाढत होता. लिंबाएवढा झाला. संत्र्याएवढा झाला. रबर इतकं ताणलं की त्यातून ऊन दिसू लागलं.

कांताबाई दारात उभ्या होत्या. हे हसण्यासारखं आहे, हे त्यांना कळत होतं. पण तो फुगा त्यांचा होता. नवरा पंप मारत होता, भाऊ पैज लावून बसला होता, पोरगा कान दाबून उभा होता, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते त्यांच्या केसांखाली, मुकाट, धन्याएवढं होऊन बसलं होतं. आपण मरू, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. आपण मरू, आणि या लोकांचं त्यावरही एकमत होणार नाही.

फुस्स, असा आवाज झाला. शैला किंचाळली.

ट्यूब शाबूत होती. फुगा शाबूत होता. पंपाचा वायसर गेला होता.

"जिंकलो!" श्यामराव म्हणाले.

"कसे जिंकले? पंप गेला म्हनून वाचला तो!" भाऊराव म्हणाले. "नाही तं फुटलाच होता!"

"मम्मी, तुम्ही आत बसा," म्हणत राजकुमार सगळ्यांना समोरच्या खोलीत घेऊन आला आणि त्याने धावत बीपीचं मशीन आणलं. पट्टा बांधला, बटण दाबलं, आकडा पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. "बहुत ज्यादा है." श्यामराव म्हणाले परत घे, मशीन खराब असेल. परत घेतला. आणखी वाढला. भाऊराव म्हणाले, दुसऱ्या हातावर घे. शैला म्हणाली, तोंड पूर्वेकडे करून घे. आता चौघेही कांताबाईंच्या अंगावर वाकून एकाच वेळी बोलत होते, आणि आकडा काही खाली यायचं नाव घेत नव्हता.

"सरका!" कांताबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सगळे सरकले.

"फुग्यानं काही नाही केलं," त्या म्हणाल्या. "तो चूपचाप बसला हाय. तुमी लोकच पंप मारून राहिले सकाळपासून."

तेव्हा नूतनने मोबाइल पुढे केला. "आई, आपण डॉक्टरांनाच विचारू ना. त्यांनी नंबर दिलाय." हे आतापर्यंत कोणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर बैठक कशाला भरली असती?

फोन स्पीकरवर लागला. नूतनने ओळख सांगितली. पलीकडून डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाला, "देखिए, इस साइज़ का, इस जगह का, अम्मा की उमर में... ऑपरेशन का रिस्क ज्यादा है, छोड़ देने का कम. मेरी सलाह है, अभी कुछ मत कीजिए. साल में एक बार फोटो, बढ़ा तो फिर बात करेंगे. मैंने उस दिन भी यही बोला था."

राजकुमारने बापाकडे पाहिलं. बापाने कूलरकडे पाहिलं.

"बस बीपी कंट्रोल में रहे. अचानक बहुत तेज सिरदर्द हो तो तुरंत लाना, एक मिनट रुकना नहीं. और तंबाकू बिलकुल नहीं. अम्मा तंबाकू तो नहीं लेतीं?"

"नहीं नहीं," कांताबाई पटकन म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. तंबाखू पुरुष खातात. बिडी ओढतात. गुडाखू म्हणजे मंजन.

"नहीं सर," भाऊरावही म्हणाले. तेही तितक्याच पटकन.

राजकुमार नखं पाहू लागला. नूतन छताकडे पाहू लागली. श्यामरावांना एकदम शिट्टी पुसायची आठवण झाली. तेवढ्यात शैला म्हणाली, "डॉक्टरसाब, गुडाखू उसमें आता है क्या?"

"गुडाखू?" डॉक्टर खडबडून जागा झाला. "गुडाखू तंबाकू ही है! कौन लेता है?"

कांताबाईंना धरणी दुभंगावी असं वाटलं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. डोंगरगडच्या भावालासुद्धा नाही. इतकी वर्षं ज्या गुपितापायी त्या पहाटे पावलं न वाजवता उठत होत्या, ते गुपित सगळ्या खानदानाने सांभाळून ठेवलं होतं.

"अम्मा," फोनमधून आवाज आला, "सब लोग बोल रहे हैं. आप बताइए, आप क्या चाहती हैं?"

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. गेटच्या रंगाबद्दलही नाही. त्यांनी ओठ ओले केले. मराठी सोडून हिंदीत बोलायचं म्हणजे त्यांना परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं व्हायचं, पण आज त्या थांबल्या नाहीत.

"मेरे को सर नहीं खोलना साब. वो सोया है, सोने दो. मैं फोटो निकालूंगी, गोली खाऊंगी." मग मोठा श्वास घेऊन म्हणाल्या, "अन् वो मंजन भी छोड़ूंगी."

"बढ़िया," डॉक्टर म्हणाला.

फोन बंद झाला. श्यामरावांनी विजयाची शिट्टी तोंडाला लावली, पण कांताबाईंनी नुसतं पाहिलं आणि त्यांनी ती परत खिशात ठेवली. भाऊराव खुर्चीत तसेच बसून होते. त्यांच्या हातात अजून पंप होता.

"अन् फुटला तं?" ते म्हणाले. ते कोणाशी भांडत नव्हते. "मले काही समजत नाही डाक्टरचं. जे बिघडलं ते मी खोलतो, दुरुस्त करतो. जन्मभर तेच केलं. आता हे आत हाय, मले दिसत नाही, हात लावता येत नाही. मी काय करू? नुसतं पाहत बसू का तुह्याकडे?"

शैलाने पदर डोळ्यांना लावला. कांताबाई नवऱ्यापाशी गेल्या आणि पंप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हो जी," त्या म्हणाल्या. "पाहत बसा. इतकी वर्षं कुठं पाहिलं?"

मग सगळ्यांनी पातोडीचा रस्सा ओरपला. शैला आणि श्यामराव एकाच पंगतीला बसले, आणि ताटावरून उठेपर्यंत मानाच्या साडीवरून पुन्हा भांडले, तेव्हा कुठे घरात सगळं ठीक झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कांताबाई सवयीने जाग्या झाल्या. आता पावलं दाबायचं कारण उरलं नव्हतं, तरी त्या दाबूनच चालल्या. डबी गटारात फेकायची, हे त्यांनी ठरवलं होतं. फेकण्याआधी एकदा वास घ्यायचा, इतकंच. धन्याच्या डब्यामागे हात घातला. डबी होती. पण जड होती. काल अर्धी होती, आज काठोकाठ भरलेली होती.

त्यांनी झाकण उघडलं. आत लाल दंतमंजन. साधं, पोरांना देतात तसलं.

त्या डबी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांना एकेक आठवू लागलं. कधीच न संपणारी डबी. महिनोन् महिने पुरणारी. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, राजूच्या परीक्षेच्या वेळी, सासू गेली त्या आठवड्यात, जेव्हा सुपेल्याला जायला त्यांना फुरसत मिळाली नव्हती तेव्हाही. देवाचा हात! देव तिकडे अंगणात नळापाशी लुंगी सावरून उभा होता आणि काही ठाऊक नसल्यासारखा, बाहेर ओढून आणलेल्या कूलरचं ते झाकण बिजागरातून काढत होता.

"कधीपासून भरून राहिले हो तुमी?" त्यांनी दारातून विचारलं.

"काय?" भाऊराव म्हणाले. मग पाना खाली ठेवून म्हणाले, "संपली की तुही चिडचिड होये सकाळी. चहा फेकून देत होती अंगावर. म्हनून मीच आनून टाको."

"अन् मले सांगतलं नाही?"

"तू सांगतलं का?"

कांताबाई नळापाशी उकिडव्या बसल्या. बोटभर लाल मंजन घेतलं, हिरड्यांना घासलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते मंजनाने आले असं म्हणता येण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी ते तसेच येऊ दिले. चूळ भरून त्या म्हणाल्या, "याच्यात काही दम नाही."

"नसू दे," भाऊराव म्हणाले, आणि बाजूला जागा करून, आपलंही बोट पुढे करत, त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. "पंप हळूच माराचा हाय नं आता."